दसऱ्याचे स्वार, दिवाळीचे धनगर

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु ते पेडगाव आमच्या श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी आहे, असे सांगितले की बाहेरगावचे पाहुणे चकित होतात. मग मला हुरूप चढतो. तिथे मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती. 1674 साली मराठ्यांच्या एका तुकडीने त्याला हुलकावणी देऊन लांब ओढून नेले आणि दुसरीने मागे छावणी साफ केली, ही हकीकत मी अगदी रंगवून सांगतो. खजिन्याबरोबर 200 उत्तम घोडेही नेले, असे म्हटले की मोठी माणसे खजिन्याची चौकशी करतात. मुले मात्र हटकून विचारतात, “घोड्यांचे पुढे काय झाले?”

प्रश्न मुलांचाच खरा. लढाईचा इतिहास लढाई संपली की संपतो. घोड्याचे नि स्वाराचे आयुष्य मात्र पुढे उरतेच. अफजलखानाच्या स्वारीनंतर शिवाजीमहाराजांनी जखमी शिपायांना जखम पाहून 25, 50, 100, 200 होन दिले, असे सभासदाने लिहून ठेवले आहे. होन मिळाले, मलमपट्टी झाली. मग तो लंगडा स्वार घरी आला असेल, त्याचे काय? बखर तिथून दुसऱ्या मोहिमेकडे वळते.

एका लंगड्या स्वाराची गोष्ट मात्र इतिहासाने जपली. श्रीगोंदे पुढे शिंद्यांच्या ताब्यात आले. त्या घराण्यातले महादजी 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावरून निसटत असताना एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला. महादजींची दक्खनी घोडी देखणी नि चपळ, तर त्या अफगाणाचे जनावर ओबडधोबड. तरी ते पाठ सोडीना. शेवटी घोडी खड्ड्यात कोसळली आणि महादजींचा पाय जन्माचा अधू झाला. राणेखान नावाच्या पखालवाल्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजींनी त्याला भाऊ मानले, मोठा सरदार केले. पुढे दिल्लीचा कारभार हाती आला, तरी ते दुडदुडणारे जनावर त्यांच्या झोपेत येतच राहिले, असे सांगतात.

महादजी 1771 मध्ये पुन्हा दिल्लीत शिरले. घोड्यावर बसलेल्या माणसाचा पाय कोण मोजतो? परंतु सर्वांनाच राणेखान भेटत नाही आणि दिल्लीही मिळत नाही. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. तो अधू झाला की घोडा सरकारात जमा. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. त्याचा घोडा मेला की भाकरी गेली. असा माणूस गावी परतला, तर त्याने करावे काय? नांगर रेटायला दोन धड पाय लागतात. राखण मात्र जमते. चाऱ्याची पारख, पाण्याच्या वाटा, मुक्काम केव्हा हलवावा याचा अंदाज, ही विद्या त्याने मोहिमेतच मिळवलेली असते. तलवार खाली ठेवली तरी ती विद्या हातात उरते.

खरे तर स्वार आणि मेंढपाळ ही दोन माणसे फारशी निराळी नव्हतीच. मल्हारराव होळकर धनगराचे पोर. मेंढरांमागे हिंडता हिंडता घोड्यावर चढले. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीला निघत, पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरत. आणि धनगर? पुण्या-नगरच्या कोरड्या पट्ट्यातले कितीतरी धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी येतात. चाल तीच, ऋतू तोच. फक्त लुटीऐवजी मागे लेंडीखत राहते!

1818 मध्ये पेशवाई गेली नि फौजा मोडल्या. त्याआधी वर्षभर, 1817 साली, इंग्रजांनी उभ्या केलेल्या पूना हॉर्समध्ये काही स्वार शिरले. त्या पलटणीत आज रणगाडे आहेत. नगरला तर रणगाड्यांचे अख्खे संग्रहालय आहे. घोडदळाचा एक फाटा असा लोखंडाकडे गेला, दुसरा गवताकडे वळला. भीमथडीचे तट्टू ह्या दुसऱ्या वाटेने गेले. त्याच्या अंगात देशी तट्टांबरोबर अरबी, इराणी रक्त आहे, असे जाणकार सांगतात. म्हणजे मुलांच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर इथे सापडते. ज्याच्या पाठीवर स्वार बसत, त्याच्या पाठीवर आता धनगराचे बिऱ्हाड असते: भांडी, घोंगड्या, मेंढ्या कोंडायची जाळी, वर एखादे पोर नि कालच जन्मलेले कोकरू.

कोणी म्हणेल, काय ही अवनती! मला तसे वाटत नाही. तबेले ओस पडले, वाडे ढासळले. दोनशे वर्षे हे जनावर जगवले ते धनगरांनी, कोणाचे होन न घेता. अलीकडे भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी मान्यता मिळाली. मान्यतेचा कागद चांगलाच. पण कागद चरता येत नाही. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी आमच्या तालुक्यात ऊस आणला, चार पैसे आणले. ते नाकारणारा मी कोण? पण माळ नांगराखाली गेले, गायराने आक्रसली आणि कळप डांबरी रस्त्यावर आला. गवत गेले की मेंढरू जाईल, आणि मेंढरू गेले की तट्टूला ठेवील कोण? रणांगणात टिकलेले हे जनावर शांततेत संपेल.

म्हणून, वाचकहो, फराळाचे डबे घेऊन गावोगाव निघालात आणि वाटेत कळप आडवा आला, तर मोटारीचा भोंगा वाजवू नका. इंजिन बंद करा नि मुलांना खाली उतरवा. सर्वांत पुढे जे बुटके, धुळीने माखलेले तट्टू चालले असेल, ते त्यांना दाखवा. त्याला वाट देण्यात दोन मिनिटे जातील. तेवढा मान त्याचा आहे.