आलेख नको, कॉन्ट्रॅक्ट नोट दाखवा

अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम, विकणारा आधी आलेख दाखवतो. चढत जाणारी हिरवी रेघ आणि खाली ठळक अक्षरांत वार्षिक परतावा. स्ट्रॅटेजी तपासून देणं हाच माझा धंदा, त्यामुळे असे आलेख माझ्याकडे येतच असतात. बहुतेकदा गिऱ्हाइकाने पैसे भरून झाल्यावर. आलेखातलं गणित सहसा चुकलेलं नसतं. त्यातले सौदे मात्र कुणी केलेले नसतात.

सगळ्यात खपणारा माल म्हणजे ‘नऊ-वीसचा स्ट्रॅडल’. सकाळी 9:20 ला चालू भावाजवळचा कॉल आणि पुट हे दोन्ही ऑप्शन विकायचे, दोन्हींना स्टॉपलॉस लावायचा आणि बाजार बंद व्हायच्या आत मोकळं व्हायचं. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर घेतलेल्या चाचणीत, हे झकास चालतं, कारण संगणक मिनिटाच्या कॅण्डलचा शेवटचा भाव घेतो आणि तोच तुम्हाला मिळाला असं धरून चालतो. प्रत्यक्षात विकताना खाली बसलेल्या खरेदीदाराचा भाव पदरात पडतो आणि घेताना वर बसलेल्या विक्रेत्याचा. दोन विक्री, दोन खरेदी, प्रत्येकीत एकच रुपया निसटला असं धरू. 2025 मधल्या निफ्टीच्या 75 च्या लॉटवर हे दिवसाला 300 रुपये झाले. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर 75,000. एका लॉटला मार्जिन दोन-अडीच लाख, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या स्लिपेजमध्ये गेला. ब्रोकरेज आणि कर अजून बाकीच आहेत. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी हा कर 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.0625 वरून 0.1 टक्का झाला, तरी जुन्याच दराची शीट बिनदिक्कत फिरत होती. आणि 4 जून 2024 सारख्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के कोसळला तेव्हाही, अशी शीट स्टॉपलॉसच्या नेमक्या भावाला सुटल्याचं दाखवते!

बरेच आलेख तर बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीवर बेतलेले असतात. ती एक्स्पायरी नोव्हेंबर 2024 मध्येच बंद झाली.

शेअरांच्या स्ट्रॅटेजीतली खोट वेगळी. आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घ्यायचे आणि 2008 पासून चाचणी लावायची. तेव्हा निफ्टीत युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स होते. ते यादीतून आपोआप गळतात. नापासांची नावं आधीच पटावरून काढून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्यातला हा प्रकार.

‘लाइव्ह नफा’ म्हणून स्क्रीनशॉट येतात. हुबेहूब ब्रोकरसारखा पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅप्स आहेतच, पण स्क्रीनशॉट अस्सल असला तरी खाती दहा आणि दाखवलेलं एक, हे कसं कळणार? ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने ट्रेडिंग शिकवणाऱ्या गुरूच्या प्रकरणी सेबीने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेला अंतरिम आदेश वाचण्यासारखा आहे. त्यातल्या नोंदीनुसार कोर्स वगैरे विकून 17 कोटींहून अधिक रक्कम जमली, आणि जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात त्याच गुरूला स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये 2.89 कोटींचा तोटा झाला होता.

विक्रेते सांगतात, मोठ्यांचा नफा अल्गोतूनच येतो. खरं आहे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांच्या वायद्यांतल्या नफ्यापैकी 97 टक्के अल्गोतून आला. त्याच अभ्यासानुसार तीन वर्षांत 93 टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात गेले. ज्या अल्गोने तो नफा कमावला, तो महिना तीन हजारांत भाड्याने मिळत नाही.

परताव्याची जाहिरात करणाऱ्या अनियंत्रित अल्गोवाल्यांशी ब्रोकरांनी संबंध ठेवू नयेत, असं सेबीने सप्टेंबर 2022 मध्येच बजावलं. त्यानंतर त्या जाहिराती टेलिग्रामवर गेल्या, एवढाच फरक माझ्या नजरेस पडला.

तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे त्याच्या स्वतःच्या सगळ्या खात्यांच्या निदान वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या, मागा, तोट्याच्या दिवसांसकट. सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. ‘स्ट्रॅटेजी फुटेल’ ही सबब ऐकून घेऊ नका. अल्गो तुमच्या खात्यात चालला की ते सौदे तुम्हाला रोज दिसणारच आहेत. कागद मिळाले नाहीत, तर व्यवहार करू नका.