घर पाहावें पाहून

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्यांनीं रूढ केली त्यांच्या काळीं मालक, गवंडी व सुतार हे तिघे एकमेकांस ओळखत असत. हल्लीं शहरांत मध्यम स्थितीच्या गृहस्थास घर बांधावयाचें नसतें. दुसऱ्यानें बांधलेल्यांतून निवडावयाचें असतें. तेव्हां त्या म्हणींत थोडा फेरफार करून ‘घर पाहावें पाहून’ असें म्हणण्यास हरकत नाहीं. हें पाहणें किती अवघड आहे याचा अनुभव आम्हांस गेल्या वर्षीं आला, आणि तो घेतां घेतां आमची स्वतःची एक जुनी चूकही उमगली. ज्यांचीं मुलेंबाळें नव्या गांवीं बिऱ्हाड करण्याच्या विचारांत आहेत अशा वाचकांस दोन्ही गोष्टी उपयोगीं पडतील, म्हणून लिहितों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सात वर्षें नागपुरास होते. गेल्या वर्षीं त्यांची बदली मुंबईस झाली. कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलांत. सूनबाईंनींही खटपट करून ठाण्याच्या एका प्रयोगशाळेंत जागा मिळविली. नातू सहा वर्षांचा, नात दोन वर्षांची. दोघांनाही रजा मिळेना, म्हणून चिरंजीवांनीं आम्हांस वाईस फोन केला, ‘‘बाबा, तुम्ही आणि आई पंधरा दिवस डोंबिवलीला मावशीकडे राहा आणि आमच्यासाठीं घर पाहून ठेवा. तुम्हांला पटेल तें आम्हांला पटेल.’’ जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास आपल्या निर्णयशक्तीवर कोणी असा विश्वास दाखविला म्हणजे फार बरें वाटतें. आम्हीं एक वही घेतली, तींत गुण देण्यासाठीं रकाने आंखले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यांत सौभाग्यवतींसह निघालों.

वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं चाणक्यनीतींतील एका सुप्रसिद्ध उपदेशाचा आशय लिहून ठेवला होता. जेथें धनिक, वेदवेत्ता, राजा, नदी आणि वैद्य हे पांच नाहींत तेथें वस्ती करूं नये, असा तो उपदेश आहे. कालमानाप्रमाणें आम्हीं त्याचें रूपांतर केलें. धनिकाच्या जागीं बँक, वेदवेत्त्याच्या जागीं शाळा, राजाच्या जागीं नगरपालिका, आणि वैद्याच्या जागीं रात्रीं-अपरात्रीं येणारा डॉक्टर. नदी तेवढी नदीच ठेवली. कृष्णेच्या कांठीं जन्म गेलेल्या मनुष्यास नदीला पर्याय सुचत नाहीं.

पहिल्या दिवशीं बदलापुरास गेलों. उल्हास नदी, भोंवतीं डोंगर, मोकळी हवा, आणि तीन खोल्यांचें नवें प्रशस्त घर चिरंजीवांच्या ऐपतींत बसणारें. आमच्या वहींत पांचांपैकीं पांच गुण पडले. दलाल आम्हांस खिडकींतून नदीचा देखावा दाखवीत असतां सौभाग्यवती खालीं वाण्याच्या दुकानीं गेल्या आणि त्यांनीं विचारलें, ‘‘पावसाळ्यांत पाणी कुठवर येतं हो?’’ वाण्यानें मागील भिंतीवर आपल्या छातीइतक्या उंचीवर हात ठेवला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें मुंबईकरांस पाठ आहे. पण त्याच पावसानें उल्हास नदीच्या कांठीं काय केलें तें खिडकींतून दिसत नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि सुमारें हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. सगळें बदलापूर पाण्याखालीं जातें असें मुळींच नव्हे. वरच्या अंगाचीं घरें कोरडीं राहतात. पण नदी असावी एवढेंच नीतिकारांनीं सांगितलें. किती दूर असावी हें सांगावयाचें राहून गेलें. आम्हीं वहींत पहिला नियम लिहिला: घर भर पावसाळ्यांत पाहावें, आणि पाण्याची गोष्ट विकणाऱ्यास न विचारतां तळमजल्यावरील दुकानदारास विचारावी.

दुसरा नियम गणितानें शिकविला. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ६८ किलोमीटर. तेथून कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढें बस, आणि आरंभीं घरापासून स्टेशनापर्यंतची चाल, असे मिळून जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास धरले. वर्षाचे कामाचे दिवस २५० मानले तर १,००० तास होतात, म्हणजे जवळ जवळ ४२ अहोरात्र. मनुष्य वर्षांतून सव्वा महिन्याहून अधिक काळ केवळ उभा राहून काढणार! मुलुंडाहून हाच हिशेब येऊनजाऊन अडीच तासांचा, म्हणजे ६२५ तासांचा होतो. उरलेले ३७५ तास नातवाच्या वाट्यास येणार कीं डब्यांतील दांडीच्या, एवढाच प्रश्न राहतो. घराचें क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजतात. आमच्या मतें तें तासांतही मोजलें पाहिजे.

डोंबिवली आम्हांस मनापासून आवडली. वाचनालयें, गाण्याच्या बैठका, कोपऱ्यावर शुद्ध मराठींत भांडणारे लोक. तेथेंच कायम राहावें असें वाटलें. परंतु सकाळीं आठ वाजतां फलाटावर उभे राहून पाहिलें, तों तीन गाड्या आल्या आणि गेल्या. आम्हांस एकींतही पाय ठेवतां आला नाहीं. शिवाय जें घर पाहिलें त्याच्या गच्चीवरून औद्योगिक वसाहतीचीं धुराडीं दिसत होतीं. मे २०१६ मध्यें व पुन्हा मे २०२४ मध्यें तेथील रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट होऊन माणसें दगावलीं. डोंबिवली मोठी आहे, आणि कारखान्यांपासून दूरच्या आळ्या अनेक आहेत. पण घर घेतांना वारा कोणीकडून वाहतो व तो काय घेऊन येतो हें पाहावें, हा तिसरा नियम आम्हीं लिहिला.

आमचें मन खरें म्हणजे पार्ल्यांत गुंतलें होतें. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाट वस्ती विरळ करण्यासाठीं १८९८ मध्यें सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झालें आणि त्यानें दादर-माटुंग्याकडे रेखीव वस्त्या वसविल्या, हा इतिहास आहे. पार्ल्यास मात्र लोकांनीं घरांबरोबर संस्थाही उभ्या केल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चें, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. ज्या वस्तीनें शाळा आधीं काढली ती वस्ती चांगली, हें मास्तराच्या मनास पटणारच. पण तेथील किंमती ऐकून आम्ही चहाही न घेतां परतलों. रात्रीं सूनबाईंस फोनवर म्हणालों, ‘‘पार्लें नाहीं तर नाहीं, पण आपलीं माणसें असतील अशीच सोसायटी पाहतों.’’ त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, रात्रीं दोन वाजतां पिल्लूला ताप आला तर दार कोण उघडेल तेवढं पाहा. आडनांव मागाहून विचारूं.’’ आम्हांस राग आला. उत्तर मात्र सुचलें नाहीं.

मग मुलुंडास घरें पाहूं लागलों. सौभाग्यवतींची एक रीत आम्हांस तोंपर्यंत त्रासदायक झाली होती. प्रत्येक घरांत शिरतांच त्या आधीं स्वयंपाकघरांत जात, नळ सोडून पाहत, आणि विचारीत, ‘‘पाणी किती वाजतां येतं? वर चढतं का?’’ आठव्या घरीं आम्ही वैतागून म्हणालों, ‘‘आतां सगळीकडे टाक्या असतात. तेंच तेंच काय विचारतेस?’’ त्या नळ बंद करून म्हणाल्या, ‘‘तुम्हांला तो जिना आठवत नाहीं. मला आठवतो.’’

वाचकहो, तो जिना एकोणीस पायऱ्यांचा होता. १९८७ सालीं वाईंत बिऱ्हाड करण्याची वेळ आली तेव्हां दोन जागा मिळत होत्या. एक तळमजल्यावरची, दारांत स्वतंत्र नळ असलेली, पण आमच्या शाळेपासून वीस मिनिटांच्या अंतरावर. दुसरी एका वाड्याच्या माडीवरची, शाळेपासून पांच मिनिटांवर. तिचा नळ खालीं चौकांत. आम्हीं दुसरी घेतली, कारण दुपारच्या सुट्टींत घरीं येऊन जेवतां येई. सौभाग्यवतींस विचारलें नव्हतें. अकरा वर्षें पहांटे पांचला उठून त्यांनीं घागरी वर नेल्या, चिरंजीव पोटांत असतांना सातव्या महिन्यापर्यंत नेल्या, आणि आमची पंधरा मिनिटें वांचलीं. इतक्या वर्षांत त्या याविषयीं एक अक्षर बोलल्या नाहींत, आणि त्या बोलत नाहींत याचा अर्थ त्यांस कांहीं म्हणावयाचें नाहीं असा आम्हीं केला. संस्कृत वाक्यांचा अन्वय लावण्यांत आयुष्य गेलें. घरांतील मौनाचा अन्वय मात्र चुकला.

त्या रात्रीं आम्हीं वही मिटली आणि सूनबाईंस फोन केला. ‘‘घर तुम्ही येऊन पाहा. त्यांत अधिक वेळ तुम्ही वावरणार. आम्ही पाहुणे आहों.’’ शनिवार-रविवार धरून त्या नातीस घेऊन आल्या. त्यांची परीक्षा आमच्या पांच गुणांहून सोपी आणि कठीण होती. मुलुंड पूर्वेस जें घर त्यांनीं निवडावयाचें म्हटलें तेथें त्या बाजारांतून भाजीची पिशवी एका हातीं व मुलगी कडेवर घेऊन, पाऊस चालू असतां, पायीं आल्या. मग शाळेपर्यंत, मग स्टेशनापर्यंत, मग डॉक्टरांच्या दारापर्यंत गेल्या. ठाणें तेथून अगदीं लगत, आणि सकाळीं मुंबईकडे जाणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेस. परत आल्या तेव्हां नात रडत होती. जिन्यावर बसल्या असतां समोरच्या दारांतील गुजराथी आजीबाईंनीं न विचारतां पाणी आणून दिलें आणि मुलीस मांडीवर घेतलें. सूनबाईंनीं आमच्याकडे पाहिलें; आम्ही छत्री मिटण्यांत गुंतलों.

इमारत तीस वर्षांची आहे, घर पहिल्या मजल्यावर आहे, आणि बदलापूरच्या घराच्या निम्मेंही नाहीं. चटईक्षेत्र ४१० चौरस फूट. तें आम्हीं स्वतः फीत लावून मोजलें. भोगवटा प्रमाणपत्र आहे कीं नाहीं, जमिनीचें अभिहस्तांतरण सोसायटीच्या नांवें झालें आहे कीं नाहीं, पूर्वीच्या मालकाकडे थकबाकी आहे का, हें वकिलाकडून पाहून घेतलें. ज्यांस बांधकाम चालू असलेल्या इमारतींत घर घ्यावयाचें असेल त्यांनीं २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं प्रकल्पाची महारेराकडे नोंद आहे का तें आधीं पाहावें. त्या कायद्याच्या चटईक्षेत्रांत बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरीत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें.

राहिला प्रश्न नांवाचा. वाईजवळचा आमचा जमिनीचा एक तुकडा विकून आम्हीं कांहीं रक्कम दिली होती. वकील म्हणाले, १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नांवें घर घेतल्यास मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत ठेवली आहे. चिरंजीव म्हणाले, मग हिच्याच नांवें करूं. वडिलार्जित जमिनीचा पैसा आणि घर सुनेच्या नांवें, ही गोष्ट एक रात्र आमच्या घशाखालीं उतरली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. सकाळीं सौभाग्यवतींस प्रथमच विचारलें, ‘‘तुला काय वाटतं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या नांवावर असतं, तर मीं तो जिना चढलाच नसता.’’ सही करण्याच्या दिवशीं आम्ही साक्षीदार म्हणून हजर होतों.

तात्पर्य थोडक्यांत सांगतों. नदी, शाळा, गाडी, कागदपत्र हें सारें पाहावेंच. पण घराचें ओझें ज्याच्या डोक्यावर पडावयाचें त्यास आधीं विचारावें, आणि तें माणूस गप्प असेल तर पुन्हा विचारावें. दिवाळींत आम्ही उभयतां मुलुंडास गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांच वाजतां संवयीनें सौभाग्यवतींस जाग आली. स्वयंपाकघरांत जाऊन त्यांनीं नळ सोडला, क्षणभर वाहतें पाणी पाहिलें, बंद केला, आणि पुन्हा येऊन निजल्या.