चाचांच्याच रक्तातलं औषध

राणीसावरगावात चाचांच्या मानेवर गाठ आली तेव्हा टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या. मग बायोप्सीत लिम्फोमा निघाला. केमोने गाठ विरली आणि वर्षभरात पुन्हा आली. आता डॉक्टर ‘कार-टी’ म्हणतात आणि घरात त्यावर रोज रात्री बैठक बसते.

चाचीला कुणीतरी सांगितलं, यात एड्सचा विषाणू सोडतात. ऐकीव गोष्टीत थोडं खरं असलं की ती खोडणं जास्त अवघड. एचआयव्हीच्या कुळातलाच विषाणू वापरतात, पण रोग करणारा भाग काढून. उरतं ते फक्त वाहन. चाचांच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, या वाहनातून त्यांच्यात एक नवा जनुक पोचवायचा, प्रयोगशाळेत त्या वाढवायच्या आणि शिरेतून परत द्यायच्या. त्या जनुकामुळे पेशीला सीडी-१९ ही खूण ओळखता येते. खूण दिसली की टी-पेशी त्या पेशीला मारते आणि स्वतःची संख्या वाढवत जाते.

चाचांना मी शेतातलं सांगितलं. केमो म्हणजे फवारणी, ही खुरपणी. ते म्हणाले, “खुरपताना पिकाची रोपंही जातात की.” जातातच. निरोगी बी-पेशींवरही तीच खूण असते, त्याही मरतात. मग कित्येक महिने संसर्गाची भीती. शिवाय टी-पेशी कामाला लागल्या की सडकून ताप येतो, रक्तदाबही घसरू शकतो.

हे औषध आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या साथीने घडलं. २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला दिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ म्हणून परवानगी मिळाली. चाचण्यांत दहातल्या साधारण सात जणांना गुण आला, पण सगळ्यांचा टिकला नाही.

जुम्म्याला चाचा मौलानांनाही विचारून आले. स्वतःचंच रक्त, जीव वाचवायला, मग हरकत कसली, असं ते म्हणाले. हरकत पैशाची आहे. परदेशात तीन-चार कोटी, इथे चाळीस लाखांच्या आसपास. चाचांची जमीन चार एकर, तीही कोरडवाहू.

“जमीन विकली आणि मी त्या सातांत नसलो तर?” चाचांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. चाचीने मात्र पेटीतून सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो परत तिच्या हातात दिला. आधी मदतीचे अर्ज भरायचे ठरलंय. गुरुवारी रिपोर्टांची फाईल घेऊन मी मुंबईला निघतोय.