जखमांसह उठलेला

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्याचा उत्तम काळ घालवलेल्या माणसास मृत्यूची ओळख दफ्तरातून होते. मयत खातेदाराचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल करण्याचे फेरफार माझ्या नजरेखालून इतके गेले होते, की मरण हे मला वारसांनी तीन महिन्यांच्या मुदतीत वर्दी द्यावयाचे एक प्रकरण वाटू लागले होते. हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता (स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला), त्या काळात माझी पत्नी अल्पशा आजाराने निवर्तली, आणि तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नसल्याने दफ्तरात तिच्या जाण्याचा एक शेरासुद्धा उमटला नाही, याचे मला विलक्षण दुःख झाले.

मी जन्माने ख्रिस्ती. आमचे घराणे मूळचे जालन्याजवळच्या बेथेलचे, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावचे, त्यामुळे पुनरुत्थानाचे उपदेश मी बालपणापासून ऐकत आलो होतो. परंतु ऐकीव श्रद्धा आणि कबरीपाशी उभी राहणारी श्रद्धा यांत महदंतर असते. सांत्वनास आलेली मंडळी ती सुखरूप ठिकाणी आहे असे सांगत, आणि त्यांच्या सद्भावनेबद्दल संशय नसूनही मला वाटे, की जे हात मी चाळीशीच्या उंबरठ्यापर्यंत भाकरी थापताना पाहिले त्या हातांविषयी हे कोणीच काही बोलत नाही. त्या दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांचा मला मोठा आधार वाटला. 1919 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते त्या बाईंनी पुढे पूर्ण केले. शोक आवरून मग कामास लागावे, असा क्रम त्यांनी पाळला असेल असे मला वाटत नाही.

पुढल्या ईस्टरला उजाडण्यापूर्वी आमची लहानशी मंडळी दफनभूमीत उपासनेस जमली. पाळकांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला, ज्यात पौल पेरलेल्या दाण्याचा दृष्टांत देतो. चैत्राचे दिवस, शिवारात हळद काढून शिजवण्याची धांदल चालू होती, आणि माझे मन उपासनेतून निसटून हळदीकडे गेले, हे मी पाळकांना कधी सांगितले नाही. गव्हाचा दाणा मातीत विरून जातो. हळदीचे बेणे मात्र काढणीच्या वेळी नव्या हळकुंडांच्या जोडीने पुन्हा हाती येते, सुरकुतलेले, काळवंडलेले. त्यास आमच्याकडे सोरा गड्डा म्हणतात. पौल आमच्या हळदीच्या मुलखातल्या वसमतचा असता तर त्याने हाच दृष्टांत घेतला असता, असा उद्धट विचार माझ्या मनात येतो न येतो तोच थोमाची कथा आठवली: उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण शाबूत होते, आणि त्या व्रणांवरूनच शिष्याने त्यास ओळखले. म्हणजे देवाने नवे जीवन दिले, पण घडलेले मिटवून दिले नाही; तेच शरीर उठले. तिचे हात, भाजल्याच्या डागांसकट, त्याच्या हिशेबात आहेत, हे मला त्या पहाटे प्रथम कळले. दुःख गेले नाही, आजही नाही. परंतु त्याची भीती जी गेली ती परतली नाही.

नर्सीकडचे आमचे एक शेजारी, पिढीजात वारकरी आणि हळदीचे बागायतदार, यांना मी हे सारे ओसरीवर सांगितले. पुन्हा जन्म तो आम्हीही मानतो, असे ते म्हणाले. मी म्हटले, पुन्हा जन्मून ती दुसऱ्या कोणाची तरी होईल, मला तर तीच हवी. ते बराच वेळ सुपारी कातरीत राहिले.

“भाऊसाहेब,” ते अखेर म्हणाले, “तुमचा देव जखमा ठेवून उठला, एवढं मला पटलं. पण सोऱ्या गड्ड्याला बाजारात भाव कमी मिळतो, त्याचं काय ते आषाढी करून आल्यावर बोलू.”