तीस आकडे

आमच्या गावात तिला सगळे रायफलच म्हणायचे. खरं तर ती रायफल नव्हती. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे चर असतात, त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. आमची होती 12 बोअरची एकनळी बंदूक, आतून काचेसारखी गुळगुळीत. पीक राखायला परवाना मागणाऱ्याला 1959 च्या शस्त्र कायद्यानं आधी ठासणीची बंदूक सांगितलेली. तिनं भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत आणि किमान 20 इंच नळीची. हे बारकावे गावाला कोण सांगत बसणार? "आबांनी धुळ्याहून रायफल आणली," एवढंच पसरलं. लोक ती बघायला यायचे आणि चहा पिऊन जायचे.

आमचं शेत अनेर नदीच्या काठाला. पलीकडे चोपडा तालुका, म्हणजे जळगाव जिल्हा. अलीकडे शिरपूर, म्हणजे धुळे. उत्तरेला सातपुडा. डुकरांना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. ती नदीच्या घळीतून वर येत आणि दादर हुरड्यावर आली की एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा करत. खाणं थोडं, नासाडी फार. गोफण, पत्र्याचा डबा, शेकोटी, सगळं करून झालं होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागायची, आणि आबांना मारायचंही नव्हतं. "एक बार वाजला का आठ दिवस फिरकनार नहीत," एवढाच त्यांचा हिशेब.

त्या हिशेबासाठी त्यांनी कपाशीचे पैसे मोडले. सातबारा, तलाठी, पोलीस चौकशी, कलेक्टर कचेरी, दीड वर्ष गेलं. दसऱ्याला बंदूक घरात आली तेव्हा मायनं तिला हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर आबांचा रोजचा नेम ठरला. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, बंदूक मांडीवर घ्यायची आणि पुसायची. बैल धुताना असायचा तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

पौषातली ती रात्र. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मचाणावर आबा, भाऊ, मी आणि मामा. मामा वरणगावच्या आयुध निर्माणीत कामाला. 1964 साली उभा राहिलेला तो कारखाना. तिथं फौजेच्या रायफलींची काडतुसं होतात. सुटी काढून ते हुरड्याला आले होते.

मध्यरात्रीनंतर खालून खसखस ऐकू आली. भाऊ कुजबुजला, "डुकरं उनात!" आबांनी काडतूस भरलं, नळी नदीकडच्या उंच बांधाच्या मातीवर धरली, घोडा चढवला, चाप ओढला.

खट्.

एवढंच. डुकरं क्षणभर थबकली आणि पुन्हा खायला लागली. आबांनी परत घोडा चढवला. परत खट्. मला हसू आलं. भाऊचा जीव वर आला. त्यानं आबांच्या हातातून बंदूक ओढून घेतली. "आना इकडे, मी बघतो," म्हणत तो ती मोडायला लागला. मी बॅटरी घेऊन त्याच्या पुढ्यात सरकलो. बंदूक माझ्याकडे वळत होती.

"थांब!" मामा असे ओरडले की डुकरंही पळाली. "मरानी घाई शे का तुले? नळी बांधाकडे कर. मोडू नको. आते आकडे मोज, तीसलोंग."

अंधारात आम्ही चौघं एक, दोन, तीन करत मोजत बसलो. माझे पाय लटपटत होते, थंडीनं का कशानं ते सांगता येत नाही. तीस झाल्यावर मामांनी बंदूक स्वतःच्या हातात घेतली, तोंड बाजूला ठेवून मोडली आणि काडतूस काढून दूर बांधाशी नेऊन ठेवलं.

मग शेकोटीपाशी त्यांनी समजावलं. काडतुसाच्या पितळी बुडात मधोमध एक टोपी असते. घोडा पिनवर पडतो, पिन टोपीला ठोकते, टोपीतला मसाला चेंगरून पेटतो आणि ती ठिणगी दारूपर्यंत जाते. सगळं नीट असेल तर हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण मार कमी बसला किंवा मसाला ओलसर असला तर कधी कधी टोपी आत धुमसत राहते, आणि बार उशिरा उडतो. नळी मिटलेली असेल तर तो नळीतून जाईल. मोडलेली असेल तर काडतूस धरणाऱ्याच्या तोंडावर फुटेल. "वाजली ती बंदूक भिवाची नसते," मामा म्हणाले, "नही वाजली तिले भ्यावं."

सकाळी त्यांनी शोध सुरू केला. आधी रात्रीचं काडतूस पाहिलं. टोपीवर दोन खुणा, पण अगदी उथळ, नखानं दाबल्यासारख्या. काडतुसं सर्दली असतील म्हणून दुसऱ्या डब्यातलं एक घेतलं, बांधावर नेम धरला. खट्. पुन्हा तीस आकडे. तीच उथळ खूण. म्हणजे काडतुसात खोट नव्हती, मारच कमी पडत होता. मग बंदूक रिकामी करून नळीच्या बुडाशी कागदाची चिठ्ठी ठेवून मिटली. चिठ्ठी ओढून निघेना. म्हणजे बंदूक घट्ट मिटत होती. शेवटी मोडून घोडा हळूच पुढे दाबला. पिनचं टोक सावकाश बाहेर आलं आणि तिथंच अडकून बसलं. भोकाच्या कडेला पिवळट चिकट काहीतरी साचलं होतं.

मामांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. "दाजी, हिले तेल कोनतं लावता?"

"जवसाचं," आबा म्हणाले. "सुतारानंच सांगितलं."

सुतारानं सांगितलं होतं ते दस्त्यासाठी. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, लाकडावर त्याचा कवच बसतो, म्हणून तर ते लाकडाला लावतात. आबांनी तेच तेल रोज पिनच्या भोकात थेंब थेंब सोडलं होतं. नवी बंदूक मुळात ग्रीस माखून येते; तेही तसंच आत. दोन्हींचा डिंक झाला आणि थंडीनं तो आणखी आवळला. तीन महिन्यांच्या मायेनं पिन जाम झाली होती.

"जे लाकडाले चालस ते लोखंडाले चालत नही, दाजी," मामा हळू आवाजात म्हणाले. आबा काही बोलले नाहीत. नदीकडचा आडवा झालेला पट्टा बघत राहिले.

मामांना खोलता आलं असतं, पण त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. ते काम परवानाधारक मिस्त्रीचं. आबा धुळ्याला गेले. मिस्त्रीनं पिन काढली, रॉकेलमध्ये धुतली, कोरडी पुसली, पातळ तेलाचा एक थेंब दिला. चार दिवसांनी बांधाच्या मातीत पहिला बार वाजला. अनेरच्या पलीकडचे कुत्रेसुद्धा भुंकले. आबांचा चेहरा उजळला, पण ओट्यावरचा तो संध्याकाळचा नेम बंद झाला.

आता आबा नाहीत. बंदूक निवडणुका आल्या की ठाण्यात जमा व्हायची. आबा गेल्यावर ती कायमचीच जमा केली. मागच्या वर्षी विहिरीवरची मोटार मध्येच बंद पडली. लाईट गेली की काय बिघडलं, कळेना. माझा मुलगा सरळ पंख्यात हात घालायला वाकला. मी ओरडलो, "थांब! आधी मेन खाली पाड!"

त्यानं मेन पाडला. मी विहिरीच्या काठावर बसलो आणि माझ्याही नकळत मोजायला लागलो.

"काय मोजताय, आबा?" त्यानं विचारलं.

मी तीसपर्यंत गेलो, मग त्याला सांगायला घेतलं.