दार लावून घेताना

खाते हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. वाण्याकडचे खाते, पतपेढीतील खाते, दूधवाल्याचे महिन्याचे खाते. ते बंद करायचे म्हणजे देणे फेडायचे, वहीत आडवी रेघ मारून घ्यायची आणि मोकळे व्हायचे. आज ज्या खात्याविषयी आम्ही लिहीत आहोत त्यात मात्र येणे कोणाचे आणि देणे कोणाचे हेच चटकन उमगत नाही. संगणकावर किंवा मोबाइलवर दूरदूरच्या सोबत्यांशी जे खेळ खेळले जातात, त्यांतील खाते आमच्या मनात आहे.

आमच्या वयाच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. अशा खेळात खेळणारा एक नाव धारण करतो. त्या नावावर त्याने चढलेल्या पायऱ्या, जिंकलेले सामने, मिळवलेली व विकत घेतलेली शस्त्रे आणि पोशाख, जोडलेले मित्र, कित्येकदा पैसे भरण्याचे कार्डदेखील, असे सारे कंपनीच्या संगणकावर नोंदलेले असते. मोबाइलवरून खेळ काढून टाकला म्हणजे खाते मिटले, असा अनेक आईवडिलांचा समज आहे. तसे नसते. खेळ गेला तरी खाते जागच्या जागी राहते. सहा महिन्यांनी तोच खेळ पुन्हा उतरवून घेतला आणि पासवर्ड टाकला की सारे वैभव पूर्ववत समोर उभे राहते. खाते कायमचे मिटवायचे असेल तर कंपनीकडे तशी निराळी मागणी करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. पुढील हकीकत प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे. ज्याची ती आहे त्याला वाचून दाखवून, त्याच्या संमतीनेच ती येथे देत आहोत. गृहस्थांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. दोन विषय राहिलेले. रात्री दोन वाजेपर्यंत खोलीत दिवा, सकाळी हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. संध्याकाळच्या रोझरीला तो घरात असून नसल्यासारखा. गृहस्थ म्हणाले, “फादर, त्याचा पासवर्ड मला सापडलाय. तुम्ही म्हणाल तर आजच्या आज खातं कायमचं मिटवून टाकतो. त्याला कळेल तेव्हा कळेल.”

तसे करू नका, असे आम्ही त्यांना सांगितले. एक कारण व्यवहारातले होते. दुसरा ई-मेल पत्ता घेऊन नवे खाते उघडायला पाच मिनिटे पुरतात. बापाने मिटवलेले खाते मुलगा दुसऱ्या नावाने उघडील, आणि या वेळी पासवर्ड सापडणार नाही. दुसरे कारण अधिक खोल होते. परमेश्वराने माणसाला स्वतंत्र इच्छाशक्ती दिली, आणि ती देताना माणूस तिचा दुरुपयोग करील हा धोकाही पत्करला. दुसऱ्याच्या हाताने घडलेला त्याग हा त्याग नसतो, ती चोरी होते. मुलाच्या मनात मग पश्चात्तापाऐवजी रोष उभा राहतो. ते क्षणभर गप्प राहून म्हणाले, “मग मी काय करू?” आम्ही म्हणालो, “त्याला आमच्याकडे पाठवू नका. फक्त आम्ही बोलावलंय एवढंच सांगा.”

तो आला, चार दिवसांनी. आम्ही त्याला त्याच्या खेळाविषयी विचारले. त्याला याचे नवल वाटले असावे, कारण उपदेश ऐकण्याच्या तयारीनेच तो बसला होता. चार वर्षांचे ते खाते होते. त्यात त्याचा चार जणांचा चमू होता. एक केरळचा, एक इंदूरचा, एक नेपाळमधला. प्रत्यक्षात कोणी कोणाला पाहिलेले नव्हते. तरी परीक्षेत नापास झाल्याचे त्याने प्रथम त्यांना सांगितले होते, घरी नंतर.

हे ऐकताना आम्हांला नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाची आठवण झाली. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजाराने तो चाकाच्या खुर्चीला खिळलेला होता. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात तो इबेलिन या नावाने वावरे. २०१४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. आपला मुलगा एकाकी जगला, मित्रांवाचून गेला, या दुःखात आईवडील होते. त्याच्या निधनाची वार्ता वडिलांनी इंटरनेटवर दिली, तेव्हा देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. त्याने कोणाला धीर दिला होता, कोणाचे दुरावलेले नाते जुळवायला मदत केली होती. त्याच्या अंत्यविधीला खेळातले काही सोबती परदेशांतून प्रवास करून आले. त्याच्या जीवनावरील माहितीपट २०२४ साली प्रदर्शित झाला. तेव्हा खेळातील खाते म्हणजे केवळ सैतानाची वही, असे व्यासपीठावरून सांगणे आम्हांला कधीच पटलेले नाही. परमेश्वराची कृपा कोणत्या वाटेने जाईल हे ठरवणारे आपण कोण?

पण मॅट्सला त्या खात्याने माणसे दिली. आमच्यासमोर बसलेल्या मुलाकडून ते माणसे हिरावून घेत होते. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या रोगसूचीत केली आहे. ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. विकाराची लक्षणे तिथे तीन सांगितली आहेत. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिकाधिक महत्त्व येणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू ठेवणे किंवा वाढवणे. सामान्यतः असे वर्षभर चालले तर त्याला विकार म्हणावे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम, आमचे नव्हे. परंतु ही तीन लक्षणे आम्ही त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “फादर, मी तीनदा गेम फोनवरून काढलाय. तीनदा परत घातलाय.”

संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आलिपियस या मित्राविषयी लिहिले आहे. कायद्याच्या अभ्यासासाठी हा तरुण रोमला गेला. तिथल्या रिंगणात माणसे माणसांना ठार मारीत आणि लोक ते खेळ म्हणून पाहत. आलिपियसला त्याचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो म्हणाला की देह तिथे असला तरी मन नसेल, आणि डोळे घट्ट मिटून बसला. एकाएकी प्रचंड आरोळी उठली. केवळ कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो त्या गर्दीतलाच एक झाला. पुढे तर तो इतरांना ओढून नेऊ लागला. कालांतराने तो सावरला, बिशप झाला, संतपदाला पोहोचला. मोबाइलवरून खेळ काढून टाकणे म्हणजे रिंगणात बसून डोळे मिटणे. आसन तिथेच राखून ठेवलेले असते, आणि आरोळी केव्हातरी उठतेच.

सेमिनरीत आम्हांला संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतील एक चिंतन शिकवले गेले. तीन प्रकारच्या माणसांना प्रत्येकी दहा हजार मोहरा मिळाल्या आहेत, आणि त्या धनाची आसक्ती मनाला बोचते आहे. पहिल्याला आसक्ती सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत तो काहीच करीत नाही. दुसऱ्याला आसक्ती सुटावी पण धन राहावे असे वाटते. परमेश्वरानेच आपल्या इच्छेपाशी यावे, ही त्याची अपेक्षा. तिसरा धन ठेवण्याचाही आग्रह धरीत नाही आणि टाकण्याचाही. परमेश्वराची सेवा ज्यात अधिक घडेल ते करायला तो सिद्ध असतो. मुलाने हे ऐकले आणि हसून म्हणाला, “मी दुसरा, फादर. गेम काढतो, पण खातं ठेवतो.” निर्णय घेण्याची घाई करू नकोस, असे सांगून आम्ही त्याला परत पाठवले.

दोन आठवड्यांनी तो लॅपटॉप घेऊन आला. एकट्याने करायला भीती वाटत होती, म्हणाला. आधी त्याने आपल्या चमूला निरोप लिहिला. चोरासारखे निघून जायचे नाही, असे आमचे आधीच ठरले होते. तिघांचे फोन क्रमांक उतरवून घेतले. पैसे भरण्याचे कार्ड काढून टाकले. मग खाते मिटवण्याची जागा शोधू लागलो. नवे खाते उघडण्याचे बटण पहिल्याच पानावर ठळक असते. मिटवण्याचे मात्र मदतीच्या पानांत, चार-पाच दारे ओलांडून सापडले. पासवर्ड पुन्हा मागितला, फोनवर आलेला आकडा मागितला, कारण विचारले. मग काय काय गमवाल याची यादी आली. पोशाख, शस्त्रे, पदके, चार वर्षांत खर्चलेल्या पैशांचे सारे काही. विकत घेतले असे आपण म्हणतो, परंतु बहुतेक वेळा ती वापरण्याची परवानगीच असते, हे अशा वेळी कळते.

बाहेर पडण्याची वाट मुद्दाम बिकट करणे हा व्यापारातला एक डावपेच आहे. आपल्या देशात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची फसवणूक करणारे असे १३ प्रकार नोंदले गेले. वर्गणी बंद करणे जाणूनबुजून अवघड करणे हा त्यांतलाच एक, आणि नकार देणाऱ्याला शरमिंदा करणे हा आणखी एक. व्यापाऱ्याला गिऱ्हाईक हवे असते यात नवल नाही. मेंढपाळाने मात्र दार कोणत्या बाजूने उघडते हे पाहून ठेवावे.

शेवटच्या बटणावर त्याचा हात बराच वेळ थांबला. आम्ही काही बोललो नाही. त्याने ते दाबले. पडद्यावर उत्तर आले की खाते तीस दिवसांनी कायमचे नष्ट होईल. दरम्यान एकदा जरी खात्यात प्रवेश केला तरी मागणी रद्द समजली जाईल.

तीस दिवस! संत इग्नेशियस यांची संपूर्ण साधनाही साधारण तीस दिवसांचीच असते. म्हणून त्यांचाच एक नियम आम्ही त्याला लिहून दिला. मन उजेडात असताना घेतलेला निर्णय मन अंधारात असताना बदलू नये. अंधारात नवा निर्णयही घेऊ नये. एकोणिसाव्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. चमू एका मोठ्या स्पर्धेत उतरला होता आणि एक गडी कमी पडत होता. “फक्त आजच्या रात्रीपुरतं, फादर. उद्या परत मागणी टाकीन.” आम्ही त्याला विचारले, “आता उजेड आहे की अंधार?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अंधार.” तेवढ्यावर फोन ठेवला. पुढचे त्याचे त्याने केले.

मुदत संपल्यावर भेटला तेव्हा चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. म्हणाला, “खातं गेलं. कोणी मेल्यासारखं वाटलं.” आम्ही त्याचे सांत्वन करण्याची घाई केली नाही. चार वर्षे जिथे घालवली त्या घरासाठी दोन दिवस सुतक पाळले तर बिघडत नाही. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक तो सुटला आहे, एक अजून बाकी आहे. इंदूरचा मित्र अधूनमधून फोन करतो. केरळच्याचा आणि नेपाळच्याचा संपर्क मात्र तुटला.

शुभवर्तमानात प्रभू येशूने झाडून स्वच्छ केलेल्या पण रिकाम्या घराचा दृष्टान्त दिला आहे. बाहेर काढलेला दुष्ट आत्मा परत येतो तो आणखी सातांना घेऊन. रात्री नऊ ते दोन हे पाच तास रिकामे झाले. त्यांत काय येणार? त्या घरात जेवणाची वेळ बदलली, आता सगळे एकत्र जेवतात. वडील मुलाबरोबर कॅरम खेळायला बसतात, आणि हरतात. हे आम्ही सुचवले नव्हते.

सर्वांनीच खाती मिटवावीत असे आमचे म्हणणे नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदावर घोषित झालेले कार्लो अकुतिस यांना संगणकाचे खेळ आवडत. परंतु आठवड्याला एक तास, एवढीच मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. ज्याला तो तास पाळता येतो त्याने जरूर खेळावे. ज्याला येत नाही, त्याला पूर्ण दार लावणेच सोपे जाते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते योग्यच झाले. परंतु कायदा दुकान बंद करू शकतो. मनातले खाते ज्याचे त्यालाच मिटवावे लागते.

म्हणून आईबापहो, मुलांचे पासवर्ड शोधण्यापूर्वी त्यांच्या खेळातल्या मित्रांची नावे विचारा. ती तुम्हांला सांगावीशी वाटली, तर पुढचे बोलणे होईल. आणि तो दार लावायला उठेल तेव्हा त्याच्या शेजारी बसा. हात मात्र त्याचा असू द्या. प्रभूने प्रार्थनेसाठी दार लावून घ्यायला सांगितले, ते आत एकटे कोंडून राहण्यासाठी नव्हे. बंद दाराआड पिता पाहतो आहे, या भरवशाने.