रंगांचा शेजार

हल्ली कापडाच्या दुकानांत रंगांना ‘लाइट’ आणि ‘डार्क’ हीं दोनच विशेषणें उरलीं आहेत. अमरकोशांत श्वेतमिश्रित तांबडा तो पाटल आणि कृष्णमिश्रित तांबडा तो धूम्र, असा भेद केलेला आहे. आमच्या घरांतील बायकाही गुलाबी, डाळिंबी, आमसुली यांत कधीं गल्लत करीत नसत.

परंतु मिश्रणावांचूनही रंग पालटतो. पॅरिस येथील गोब्लॅं नांवाच्या चित्रित पडदे विणण्याच्या कारखान्यांत 1824 सालीं शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख झाला. तेथील काळ्या रंगास तेज नाहीं, अशी तक्रार होती. त्यानें सूत तपासलें, तों रंगांत दोष नाहीं! दोष शेजारच्या निळ्याजांभळ्या धाग्यांचा. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झांक टाकतो: निळा नारिंगी, जांभळा पिवळी, हिरवा तांबडी. 1839 सालीं त्यानें हें ग्रंथरूपानें मांडलें. हिरव्या शालूचे तांबडे काठ इतके कां खुलतात, याचें कारण हेंच; दोघे परस्परविरोधी, म्हणूनच एकमेकांस उजळवितात.

फिक्याशेजारीं गडद अधिकच गडद भासतें, हाही त्यांतलाच भाग. आणि येथें गोष्ट शालूवर थांबत नाहीं. आमची थोरली नात गोऱ्यापान चुलत बहिणीशेजारीं बसली कीं ‘सांवळी’ ठरते. एकटी असली म्हणजे तिलाच सर्वजण गव्हाळ म्हणतात. उद्यां पाहुणे मुलगी पाहावयास आले, कीं याच एका शब्दावर होकार-नकार ठरावयाचा. मी घरांत शेव्रलची हकीकत सांगितली. ‘अहो, शाळा सुटून किती वर्षें झालीं!’ असें उत्तर मिळालें.